कोरडा तळहात

सोमवार, ४ तारीख

धाकट्या,

दीड वर्षात एक ओळ, आणि तीही तुझ्या खेळाच्या जाहिरातीच्या पाठीमागे! साधा कागद विकत घ्यायला तुझा हात आखडला वाटतं. पुढे तुझा फोटो, मनोऱ्यावरून उलटा लटकून दात काढतोयस, खाली ठळक अक्षरांत ‘थरार’. आणि मागे तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर: ‘भीती आणि थरार यांत फरक काय ते सांग. पटलं तर मानेन, तू मला खाली बसवलंस ते बरोबर होतं.’

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. फोनवर दिलं असतं ते उत्तर कागदावर लिहिण्यासारखं नाही.

फरक सोपा आहे. भीतीला खाली यायचं असतं आणि थराराला पुन्हा वर जायचं असतं. झालं तुझं समाधान?

तुला अजून वाटतं की मी तुझ्यावर डूख धरला. अरे, सकाळी शिडीला पाय लावण्याआधी प्रत्येकाने तळहात दाखवायचा, हे काय मी काढलं? आजोबा बघायचे, मग बाबा, आता मी. ओला हात वर जातो, कोरडा हात खाली विटा रचतो. ज्याला घाम फुटत नाही तो कमरेच्या पट्ट्याचा आकडा नीट अडकवत नाही, याहून जास्त शास्त्र त्यात नाही. बाबांचे हात शेवटपर्यंत ओले होते, आणि बाबा अंथरुणात, पांघरूण घेऊन गेले. धुरांड्यावरून नाही गेले. तुझा हात पहिल्या दिवसापासून कोरडा ठणठणीत, त्याला मी काय करणार? पुन्हा विचारलंस तरी पुन्हा खालीच बसवेन.

सध्या एका बंद कारखान्याचं विटांचं धुरांडं उतरवतोय. भोवती घरं आहेत, त्यामुळे सुरुंग लावता येत नाही. वर चढायचं, काठावरून एकेक वीट सोडवायची आणि धुरांड्याच्या पोकळीत टाकायची. आम्ही तिघंच आहोत. बाबांबरोबर उभा जन्म दोरावर काढलेले आपले काका, तुझ्या जागी घेतलेला लंबू, आणि मी. लंबूला बाजारातला कुठलाच पायजमा पुरत नाही. त्याला नुकतीच मुलगी झालीय. त्याचे हात इतके ओले असतात की बघून झाल्यावर मला फडकं लागतं. असा माणूस टोळीत असला की मी निश्चिंत असते.

मी नेहमीसारखी खालीच. तिसऱ्या पायरीवर पोटात गोळा येतो माझ्या, तुला ठाऊक आहे. तू त्यावरून पोटभर हसून घेतलेलं आहेस.

जेवत जा वेळेवर. उलटं लटकायच्या आधी नको.

ताई


शुक्रवार, ८ तारीख

धाकट्या,

या वेळी कागद घेतलास, बरं वाटलं. ‘फरक फक्त तिकिटाचा. पैसे देऊन घाबरलं की थरार, फुकटात घाबरलं की भीती.’ हे मी काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘पोरगं वात्रट आहे, पण डोकं चालतं त्याचं.’

उचलली जीभ लावली टाळ्याला! तिकीट काढणारा मजेत असतो, कारण त्याचा पट्टा कुणीतरी तपासलेला असतो. आणि नीट तपासतो कोण? ज्याला भीती वाटते तो. एकाला थरार हवा असेल तर दुसऱ्याला त्याच्या वाटची भीती बाळगावी लागते. आपल्या घरात ते काम कायम माझ्याकडेच होतं.

आता एक गोष्ट सांगते. सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

आपल्या घरात ताटसुद्धा ‘धर’ म्हटल्याशिवाय कुणी पुढे करत नाही आणि समोरून ‘धरलं’ ऐकल्याशिवाय सोडत नाही. वरच्या कामाची सवय घरात शिरलेली. तर परवा काका आणि लंबू वर होते. काकांनी हत्यारांची बादली बाजूला धरली, ‘धर’ म्हणाले, ‘धरलं’ ऐकलं आणि सोडली. बादली सरळ पोकळीत. खाली मी आवाजानेच उडाले. लंबू काठाच्या पार पलीकडच्या बाजूला होता. तो शपथेवर सांगतो की त्याने तोंडच उघडलं नव्हतं.

काका उतरले. मला वाटलं, थरथरत असतील. कसले! चेहऱ्यावर झोप पुरी झालेल्या माणसासारखं समाधान.

‘काका, कान दाखवून घ्या एकदा.’

‘कान ठणठणीत आहेत गं. स्पष्ट ऐकलं मी.’

‘मग कुणाचा आवाज होता?’

‘कुणाचा म्हणून सांगू? छान होता. सोबत असल्यासारखं वाटलं.’

काल सकाळी त्यांचा हात हातात घेतला, तर कोरडा. बाबांनंतर सगळ्यात ओला हात काकांचा, रे. मी दोनदा अंगठा फिरवून पाहिला. म्हटलं, ‘काका, आज खाली बसा.’ भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हसले आणि म्हणाले, ‘बसतो. पण एकदाच जाऊन आलो असतो गं.’

आणखी एक. वीट आत टाकली की तिचा धप्प आवाज येतो. तो इतका अंगवळणी पडलाय की न ऐकताही कळतो. काल एका विटेचा आवाज आलाच नाही. माझंच लक्ष नसेल. तू हसशील म्हणून हे खोडणार होते, पण राहू दे.

कारखान्याचा मॅनेजर म्हणतो, काम थांबलं तर दुसरी टोळी आणतो. म्हणून लंबू एकटाच वर आहे.

ताई


मंगळवार, १२ तारीख

धाकट्या,

आधी तुझं बोलते, कारण माझं डोकं तिथेच आहे.

तुझा नवा खेळ वाचला. मनोऱ्याच्या टोकावर तू पट्टा काढणार, तुझा जोडीदार हात पुढे करणार, खाली लोक ‘धर!’ म्हणून ओरडणार, तो माईकवर ‘धरलं!’ म्हणणार आणि तू पाय सोडणार. येत्या रविवारी संध्याकाळी पहिला प्रयोग. वर लिहितोस, ‘ताई, आयडिया आपल्या घरचीच आहे!’ घरची आहे म्हणूनच चीड आली. जे बोलणं माणूस पडू नये म्हणून तयार झालं, ते तू माणूस पाडायला वापरणार? त्या जोडीदाराचे हात कधी बघितलेस का? कोरडे आहेत की ओले, काही पत्ता? करू नकोस. मी कधी तुझ्या हातापाया पडले नाही, आता पडते. हा खेळ करू नकोस.

आता इकडचं. लंबूला काल घरी पाठवलं.

काल दुपारी वरून बोलण्याचा आवाज यायला लागला. लंबू एकटा, आणि गप्पा रंगलेल्या. मध्येच खळखळून हसणं. मान वर करून बघते तर तो काठावर उभा. त्याने स्वतःच्या पट्ट्याचा आकडा सोडवला, डावीकडे मोकळ्या हवेत पुढे केला आणि म्हणाला, ‘धर.’ थोडा थांबला. मग मान डोलावली आणि आकडा सोडून दिला. दोन्ही हात मोकळे, खाली काही नाही, आणि तो आरामात उभा. रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभं राहावं तसा.

हाक मारायची सोय नव्हती. अशा वेळी माणूस दचकतो. मी चढले. हो, मी. कसं ते विचारू नकोस. पोचले, त्याचा पट्टा अडकवला, त्याला घेऊन उतरले, एवढंच.

खाली आल्यावर तो काय म्हणाला माहितेय? ‘ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आम्ही होतो ना.’

मी म्हटलं, ‘आम्ही कोण?’ तो हसला. मी म्हटलं, ‘घरी जा, मुलगी वाट बघत असेल.’ तर म्हणतो, ‘कोण?’ मग जरा वेळाने, ‘हां, हां. मुलगी.’ चुकून दुसऱ्याची पिशवी उचलावी तसा तो शब्द त्याने उचलला.

आणि सकाळी त्याचा हात मला ओला लागला होता! काकांनी नंतर सांगितलं की तो नळाखाली हात धरून आला होता. पाणी आणि घाम यांतला फरक मला बोटाने कळायला हवा होता, पण असं काही तपासावं लागेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. इतक्या पिढ्यांत कुणी खोटा घाम आणल्याचं मी ऐकलेलं नाही. लोक घाम लपवतात, दाखवायला आणत नाहीत.

म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इथे उलटंच चाललंय. वर जे आहे ते भ्यालेल्या माणसाला जवळ घेतं आणि त्याची भीती काढून ठेवतं. मला वाटलं होतं, उंची घटेल तसं हे घटेल. धुरांडं निम्म्यावर आलंय आणि उलट आवाज वाढलाय. विटांबरोबर तेही खाली खाली येतंय.

मी बरी आहे. तू रविवारचं रद्द केलंस एवढं कळव.

ताई


शनिवार, १६ तारीख

धाकट्या, माझ्या सोन्या,

तुझं पत्र आलं नाही. येईल तेव्हा येईल. इथे हवा काय सुंदर आहे सांगू!

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. लंबूला आणायला चढले तेव्हा तिसऱ्या पायरीवर पोटात गोळा आला, सगळं नेहमीसारखं. पण अर्ध्यावर हात थकले आणि माझ्या तोंडून सवयीने ‘धर’ निघून गेलं. वरून उत्तर आलं. हळू, अगदी कानाशी. आणि तो गोळा विरघळला. आयुष्यात पहिल्यांदा, रे! इतकी वर्षं तो घेऊन जगले, मला वाटायचं तो माझ्या शरीराचाच भाग आहे. मग मी उरलेल्या पायऱ्या जवळजवळ पळत चढले.

तेव्हापासून रोज जाते. मॅनेजरला सांगितलं, काम मी एकटी संपवते. त्याला काय, कुणीतरी विटा काढल्याशी मतलब. काकांनी आज सकाळी शिडीपाशी माझा हात बघायला मागितला. मी हात पाठीमागे घेतला आणि म्हटलं, ‘हात बघणारीचा हात बघायची पद्धत नाही आपल्यात.’ खरंच नाही. आजोबांना कधी सुचलं नाही, बाबांनाही नाही. काका शिडीपासून बाजूला झाले. मला वाटतं, त्यांना थोडा हेवा वाटला.

वर बसलं की खालची माणसं दिसतात आणि त्यांची दया येते. जीव मुठीत धरून चालत असतात सगळी. विटा टाकते, पण आवाजाची वाट बघत नाही. येतात का आवाज? लक्ष नाही माझं. कुणीतरी शेजारी आहे, काही विचारत नाही, काही मागत नाही, नुसतं आहे.

एक गंमत सांगते. आज वर बसल्या बसल्या म्हटलं, तुझा चेहरा आठवावा. नाही आठवला. नाक कसं, कपाळ कसं, काही नाही. जाहिरात खिशातच होती, पण काढून बघावीशी वाटली नाही. बाबांचा पण आठवून पाहिला. तोही गेला. आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पाठीवरचं बोचकं कुणीतरी ‘धरलं’ म्हणून उतरवून घ्यावं तसं.

तू बरोबर होतास. फरकबिरक काही नाही, ती आम्हा भित्र्यांची समजूत. ये तू इकडे. काठावर दोघांना पुरेल एवढी जागा आहे. हात बघणार नाही, वचन देते.

उद्याचा खेळ जोरात होऊ दे!

ताई


सोमवार, १८ तारीख, बसस्टँड

धाकट्या,

शनिवारचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. वाचलं असशील तर विसर. ते माझ्या हाताने लिहिलंय, पण त्यातलं एक अक्षर माझं नाही.

गाडीला वेळ आहे. हात रिकामे ठेववत नाहीत म्हणून लिहितेय. हे पेटीत टाकणार नाही, तुझ्या हातात देणार.

काल संध्याकाळी मी वर होते. उन्हं उतरत होती. तुझ्या खेळाची वेळ झाली असेल, असं मनातही आलं नाही, रे. मी मजेत होते. इतकी मजेत होते की पट्टा टोचायला लागला. म्हटलं, काय करायचाय हा? मी माझा आकडा सोडवला, शेजारी धरला आणि म्हणाले, ‘धर.’

आणि तुझा आवाज आला. ‘धरलं, ताई.’

आधीचा तो नाही. तो कुणाचाच नव्हता, म्हणून गोड वाटायचा. हा तुझा होता. ‘ताई’ म्हणताना तू शेवटी जरा खेचतोस, तसं खेचलेलं. थोडी धाप लागलेली. माझ्या डाव्या कानापासून इतका जवळ की श्वास कळावा.

एक क्षण मला आनंद झाला, धाकट्या. खरं सांगते, आनंद झाला. वाटलं, आलास. आणि पुढच्या क्षणी डोक्यात लख्ख झालं, की तू तर तिकडे मनोऱ्यावर आहेस. मग इथे कसा? तुझा आवाज इथे आला असेल, तर तिथे काय राहिलं?

तोंडचं पाणी पळालं आणि सगळं तळहातांत उतरलं. इतका घाम की आकडा हातातून निसटला आणि पट्ट्याच्या दोराला लोंबकळायला लागला. तुझा चेहरा आला. पूर्ण आला, लहानपणी दारावर आपटलास तेव्हाच्या भुवईवरच्या खुणेसकट. मी दोन्ही हातांनी लोखंडी कडी पकडली आणि मोठमोठ्याने रडले. शेजारून तुझ्याच आवाजात कुणीतरी म्हणत होतं, ‘सोड ना, ताई. धरलंय मी.’ फार प्रेमाने म्हणत होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. एकेक पायरी पायाने चाचपत उतरले, आणि तो शेवटपर्यंत माझ्या वरच्याच पायरीवर होता.

खाली काका बसले होते. त्यांनी न विचारता माझा हात ओढून घेतला, उलटा-पालटा करून बघितला. मी त्यांना एक शब्द सांगितला नव्हता. तरी ते म्हणाले, ‘धाकट्याचं काही कळलं का?’

‘असं का विचारता, काका?’

‘एवढा घाम स्वतःसाठी नाही फुटत माणसाला.’

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर काकांनी दिलं, मी नाही. थरार आपल्यापुरता असतो, त्यात आपण एकटे मजेत असतो. भीतीत दुसरं कुणीतरी असतं. तुझा हात कोरडा का, हे मला आज कळतंय, आणि ते मला सोसत नाहीये. आपल्याला कुणी नाही असं वाटत होतं का रे तुला? मी होते की. रोज खाली उभी असायचे.

तुझा फोन काल संध्याकाळपासून बंद आहे. इतके दिवस निदान वाजायचा तरी. सकाळी तुझ्या खेळाच्या ऑफिसात लावला. एका बाईने उचलला. मी म्हटलं, ‘मी त्याची मोठी बहीण बोलतेय.’ ती म्हणाली, ‘धरा हं, साहेबांना देते.’ मी धरून राहिले. कुणी आलंच नाही. मागे माणसं हळू आवाजात बोलत होती. मग कुणीतरी फोन जागेवर ठेवला. पुन्हा लावला तर उचलत नाहीत.

याचे शंभर अर्थ होतात. साहेब कामात असतील. तुझा फोन पाण्यात पडला असेल. तुझ्या वस्तू पाण्यातच पडतात. तू माझ्यावर चिडून ऑफिसात सांगून ठेवलं असशील की ताईचा फोन आला तर देऊ नका. तसं असेल तर देवा शप्पथ, मी तुझी आरती ओवाळेन. चीड, भांड, दार तोंडावर आपट.

धुरांडं तसंच सोडलंय. मॅनेजर ओरडत होता, त्याला काकांनी शांत केलं. शिडी काढून आडवी टाकलीय, आणि काका तिच्यावर बसून राहणार आहेत. म्हणाले, ‘तू जा. मी इथून हलत नाही, आणि कुणी बोलावलं तरी वर बघत नाही.’ त्यांचा हात मी बघितला. अजून कोरडा आहे. पण मी निघाले तेव्हा डोळे पुसत होते, म्हणून जरा धीर आला.

गाडी लागली. उद्या सकाळी तुझ्या खोलीवर पोचेन. मी बाहेरून हाक मारणार नाही आणि तूही आतून आवाज देऊ नकोस. आवाजावर माझा विश्वास राहिलेला नाही. नुसती कडी वाजवेन. तू उठ, केस विस्कटलेले असू देत, शिव्या दे, पण दार तूच उघड. दुसऱ्या कुणी उघडलं, तर मी त्याला काय विचारायचं, ते मला सुचत नाहीये.

ताई